पानी उनं

उखर्डूआबांबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल वाईट लिहावं लागतं, म्हणून इतके दिवस टाळत आलो. आज बसलोय खरा, पण तीनदा उठून पाणी पिऊन आलो आणि दोनदा उगाच दार उघडून रस्ता बघितला. आता लिहितोच. काय व्हायचं ते होऊ दे.

जळगावात स्टेशनापलीकडे ज्ञानचंदशेठांचा बर्फाचा कारखाना होता. तिथे मी एकोणपन्नास सालापासून कारकून. त्याआधी दोन वर्षं शाळामास्तर होतो, म्हणून सगळे मला मास्तरच म्हणत. बर्फ बनवायला आधी आग लागते हे सांगितलं की लोक हसायचे. पण तसंच होतं. कोळशावर बॉयलर तापायचा, त्याच्या वाफेवर इंजिन, इंजिनावर अमोनियाचा पंप, आणि त्या अमोनियाच्या नळ्या मिठाच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत सोडलेल्या. टाकीत गोड्या पाण्याचे डबे उभे करायचे, दीड दिवसानं लादी तयार. मधे एक भिंत. भिंतीच्या या बाजूला माणूस घामानं निथळायचा आणि त्या बाजूला त्याचे दात वाजायचे.

या बाजूला उखर्डूआबा होते. धुळ्याजवळच्या फागण्याचे. एकतीस सालापासून बॉयलरवर. बुटके, काळे, भुवया जळून जळून अर्ध्या राहिलेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. बॉयलरशी ते दिवसभर बोलत. बोलत म्हणजे शिव्या देत. "ओ भाड्या, सबूर कर ना जरासा," असं म्हणून झडप ढकलायचे. ज्याच्यावर माया त्याला शिवी, असा त्यांचा हिशेब. मला तर आल्या दिवसापासून 'तू' आणि दिवसातून दोन-चार शिव्या. मी कापडण्याचा, म्हणजे त्यांच्याच धुळ्याकडचा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतलं होतं. "मंग तू ते आपलाच शे!" म्हणाले, आणि पाठीत असा धपाटा घातला की चष्मा खाली पडला.

मला ते 'आपलाच' आवडलं नव्हतं. का, तेही सांगतो. धुळ्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभा राहून बोललो, "गुरुजी उनात." गुरुजी आले, एवढंच म्हणायचं होतं. सगळा वर्ग खो खो हसला, गुरुजीसुद्धा. पुढे वर्षभर मला 'उना' हेच नाव पडलं. त्या दिवशी मी ठरवलं, आईची बोली तोंडातून पार काढून टाकायची. काढलीही. इतकी की आई म्हणायची, तू घरी आलास की पाहुणा आल्यासारखं वाटतं. आबा माझ्याशी खानदेशीत बोलायचे आणि मी त्यांना छापील मराठीत उत्तर द्यायचो. त्यांचं काही अडत नव्हतं.

स्वराज्य आलं आणि कागद वाढले. आधी बॉयलरचा इन्स्पेक्टर वर्षातून एकदा यायचा, बॉयलरची चाचणी घ्यायचा, शेठ एक चिठ्ठी द्यायचे की 'माणूस अनुभवी आहे', आणि तेवढ्यावर भागायचं. त्रेपन्न साली नवीन फर्मान आलं. यापुढे ज्याच्याजवळ परीक्षेचं सर्टिफिकेट त्यानंच बॉयलरला हात लावायचा. सर्टिफिकेटावर फोटो हवा, आणि ते काचेत बसवून बॉयलरजवळच्या भिंतीवर टांगलेलं हवं. नियमावर माझा राग नव्हता. कुठेतरी एका कापसाच्या जिनिंगचा बॉयलर फुटून माणसं गेली होती, आणि वाफेपुढे चिठ्ठी काय कामाची? आबांनासुद्धा ते पटलं. "बरोबर शे," म्हणाले. "ज्याले समजत नही त्यानी हात लावूच नही." आपल्याला समजतं याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. मलाही नव्हती.

अर्ज मी भरला. शिक्षण: नाही. अनुभव: बावीस वर्षे. फोटोसाठी स्टुडिओत नेलं, तर फोटोवाला म्हणे टोपी काढा. आबा म्हणाले, टोपी काढाले मी काय मरेल शे का? अर्धा तास हुज्जत. शेवटी टोपीसकट फोटो काढला आणि तो मुंबईच्या ऑफिसात चाललाही.

चोपन्नच्या मार्चमध्ये धुळ्याला परीक्षा होती. शेठनी मला बरोबर पाठवलं, कागदपत्रं सांभाळायला. एस.टी.नं एरंडोल, पारोळा करत पोचलो तोवर बारा वाजले होते. सरकारी बंगल्यातली एक खोली, टेबल, टेबलामागे साहेब. साहेब पुण्याकडचे, स्वभावानं वाईट नव्हते. घामानं बेजार झाले होते आणि सारखे पुठ्ठ्यानं वारा घेत होते. मी कागद पुढे ठेवले, दोन वाक्यं बोललो, तर त्यांचा चेहराच उजळला. म्हणाले, "वा! आठ दिवसांनी कोणीतरी नीट मराठी बोललं. तुम्ही मूळचे कुठले हो? इकडचे नाही वाटत."

मी म्हणालो, "नाही. तिकडचाच, पुण्याकडचा."

कशाला म्हणालो? काय अडलं होतं? पण जीभ सरळ चालली, आणि वर इतकं बरं वाटलं की काय सांगू. साहेब हसून म्हणाले, "मग या लोकांचं बोलणं कळतं का तुम्हाला?" मी पण हसलो. "छे हो साहेब, पाच वर्षं झाली, अजून निम्मं डोक्यावरून जातं." दोघंही हसलो. आबा तेव्हा बाहेर ओट्यावर बसले होते, त्यांना यातलं काही ऐकू गेलं नाही.

मग आबांना आत बोलावलं. मी दाराशी उभा. साहेबांनी कोळशाचं विचारलं, वाफेच्या दाबाचं विचारलं, आबांनी सांगितलं. साहेब अधूनमधून "काय? काय?" करत होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो या परीक्षेत प्रत्येकाला विचारतात. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते. त्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय करशील?

आबांच्या घरचाच प्रश्न. ते खूश झाले, हात पुढे करून हवेतच तोटी फिरवत म्हणाले, "खालनी तोटी उघाडीसन देखसू. पानी उनं ते आग चालू ठेवसू. नही उनं ते बठ्ठी आग ओढी काढसू."

उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. खालची तोटी उघडून बघीन, पाणी आलं तर आग चालू ठेवीन, नाही आलं तर सगळी आग ओढून काढीन. आमच्या धुळ्याकडे 'आलं' ला 'उनं' म्हणतात. पलीकडे असोद्या-वरणगावकडे गेलात तर तिथले शेतकरी 'आलं'च म्हणतात, पण आमच्याकडे उनं. आता पुण्याच्या माणसाच्या कानाला काय ऐकू येणार? पाणी उणं. म्हणजे पाणी कमी. आमच्या लोकांच्या तोंडात ण नाही, तिथे नच येतो, एवढं साहेबांना आठ दिवसांत कळलं होतं. त्यांच्या हिशेबानं आबा म्हणाले, पाणी कमी पडलं तर आग चालू ठेवीन, आणि कमी नसलं तर आग काढून टाकीन. म्हणजे बॉयलर फोडायची पद्धतच त्यांनी सांगितली.

साहेबांचा पुठ्ठा थांबला. "पुन्हा सांग." आबांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं. साहेब म्हणाले, "जा, बाहेर बस." आबा जाताना माझ्याकडे बघून डोळे मिचकावून गेले. झालं काम, असं त्यांना वाटत होतं.

मग साहेब माझ्याकडे वळले. "ऐकलंत ना? पाणी उणं असलं तरी आग चालू ठेवणार म्हणतो. असंच म्हणाला ना तो?"

एक शब्द बोलायचा होता. साहेब, उनं म्हणजे आलं. पण मग ते विचारणार, तुम्हाला कसं कळलं? आत्ता तर म्हणालात निम्मं डोक्यावरून जातं. आणि मग पुण्याकडचे ते कसे? मी तिथे उभा राहून एवढा सगळा विचार केला, आणि विचार करायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात म्हणालो, "हो साहेब. तसंच म्हणाला."

साहेबांनी कागदावर रेघ मारली. "सहा महिन्यांनी पुन्हा पाठवा. तोवर याला बॉयलरजवळ उभासुद्धा करू नका."

बाहेर आबा टोपीनं वारा घेत बसले होते. मी सांगितलं. त्यांना खरंच वाटेना. "मनं काय चुकनं?" त्यांनी विचारलं. एकदा, दोनदा, एस.टी.त बसल्यावर, पारोळ्याला, एरंडोलला. "मास्तर, तू दारशी उभा व्हता ना? सांग ना, मनं काय चुकनं?" आणि मी काय सांगितलं? मी म्हणालो, "आबा, तुमचं काम चुकलं नाही. बोलणं चुकलं. साहेबांना शुद्ध लागतं. मी शिकवतो तुम्हाला." त्यातलं अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्यावर मी सहा महिने काढले.

ज्ञानचंदशेठ वाईट माणूस नव्हते. पण उन्हाळा तोंडावर, लग्नसराई, स्टेशनची रोजची मागणी, आणि सर्टिफिकेटाशिवाय बॉयलर चालवला तर कारखान्याला टाळं. त्यांनी दुसऱ्या गावाहून पितांबर नावाचा सर्टिफिकेटवाला आणला. चाळिशीचा, शांत माणूस. आबांना काढायचं शेठच्या जिवावर आलं, म्हणून त्यांना भिंतीपलीकडे टाकीवर दिलं. डबे साखळीनं वर ओढायचे, लादी सोडवायची, रिकामे डबे पुन्हा भरायचे. तेवीस वर्षं जाळाजवळ काढलेला माणूस मिठाच्या गार पाण्यात हात घालून उभा. आणि बॉयलरच्या दाराला पाटी लावली, 'सर्टिफिकेट नसलेल्या इसमास आत येण्यास सक्त मनाई आहे.' माझं अक्षर चांगलं, म्हणून पाटी मी रंगवली. रंगवताना आबा मागे उभे राहून विचारत होते, "काय लिखी राहिना रे?" मी वाचून दाखवलं. "चांगलं लिखस तू," म्हणाले.

तो उन्हाळा मला आठवला तरी आजही अंगाची आग होते. आबांना चैन म्हणून नव्हती. डबा ओढता ओढता थांबायचे आणि भिंतीला कान लावायचे. पलीकडे इंजिनाचा ठेका जरा बदलला की इकडे त्यांच्या तोंडून शिवी. जेवायच्या सुट्टीत सगळे निंबाखाली टेकायचे, तर हे आपले कारखान्याभोवती चकरा मारणार. चिमणीचा धूर बघणार. काळा आला की म्हणणार, "कोयसा जास्ती व्हयना." एकदा पाण्याच्या पंपाचा आवाज बिघडला. मला काही कळलं नाही, पितांबरलाही नाही. आबा हातातला डबा तसाच सोडून पाटीखालून आत शिरले. "त्याना गळामा काही अडकेल शे, आयक ना!" पितांबरनं पंप उघडला, तर झडपेत चिंधी. पितांबरनं त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. पण नेमके शेठ तिथे आले, आणि त्यांनी आबांना सगळ्यांदेखत झापलं. एखादा तपासनीस आत्ता दारात उभा असता तर? मग मला ऑफिसात बोलावून लेखी ताकीद तयार करायला सांगितली. मी ती केली. खाली आबांचा अंगठा घेतला, तेव्हा तो शाईत नीट बुडेना. मिठाच्या पाण्यानं हाताची कातडी फाटली होती आणि बोटं पुरती उघडत नव्हती.

"हात गारठी ग्यात, मास्तर," एवढंच म्हणाले.

रोज दुपारी निंबाखाली मी त्यांना शिकवायचो. म्हणा, पाणी आलं. "पानी उनं." नाही आबा, आलं. ण म्हणा, पाणी. "पाणी आलं." शाबास. पाणी आलं तर आग चालू ठेवीन. पाणी नाही आलं तर आग ओढून काढीन. पन्नाशी उलटलेला माणूस पोरासारखा घोकायचा. "तू भनेल शे, तू सांगशी ते खरं," म्हणायचे, आणि चुकलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायचे. मला तेव्हा उठून पळून जावंसं वाटायचं. त्यांची बायको झुंबरबाई भाकरी घेऊन यायच्या, त्या ऐकून पदर तोंडाला लावून हसायच्या. "मना घरमा आते साहेब उना वं माय!" घरी ते आता त्यांनाही 'आपण भाकरी वाढा' म्हणत, असं त्या सांगायच्या. सगळे हसायचे. मीही हसायचो. रोज ठरवायचो, आज सांगू. आबा, तुमचं काही चुकलं नव्हतं, मी खोटं बोललो. आज नको, आज हात दुखतोय त्यांचा. उद्या. उद्या शेठ आलेले असायचे. दुसरं काही नाही, मी भित्रा होतो.

पावसाळ्यात आणखी एक फर्मान आलं. आता नुसतं टेबलावर विचारायचं नाही, चालू बॉयलरपुढे उभं करून करून घ्यायचं. नियम बदलला याचा मला आनंद झाला, आणि त्याच वेळी, आपलं खोटं उघडं पडेल, ही भीतीही वाटली.

सप्टेंबरात पुन्हा धुळ्याला गेलो. यावेळी एका जिनिंगमध्ये, त्यांच्या बॉयलरपुढे. साहेब तेच. मला त्यांनी ओळखलं, "या, या," म्हणाले. आबा नवं धोतर नेसून आले होते. सुरुवातीची उत्तरं त्यांनी अशी दिली की साहेब बघतच राहिले. "पाण्याची पातळी अर्ध्या काचेच्या वर असावी." "दाब वाढल्यास झडप आपोआप उघडते." प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघायचे, बरोबर ना? मी मान हलवायचो. मला वाटलं, निभावलं.

मग साहेबांनी काचेच्या दोन्ही तोट्या बंद केल्या आणि आतलं पाणी सोडून दिलं. काच रिकामी झाली. "हं. पाणी दिसत नाही. कर काय करायचं ते."

आबा बॉयलरपुढे गेले. सहा महिन्यांनी त्यांचा हात तापलेल्या पितळेला लागला. बोटं वळत नव्हती म्हणून डाव्या हातानं तोटी धरली, फिरवली, वाफेचा सुसाट आवाज झाला, मग पाण्याची धार फुटली. आणि त्या आवाजावर चढवून ते ओरडले, "पानी उनं! पानी उनं, राहू दे आग!"

साहेब पुढे वाकले होते. त्यांच्यासमोर पाण्याची धार वाहत होती, भरपूर पाणी, आणि आबा म्हणत होते, पानी उनं. साहेबांनी धारेकडे बघितलं, आबांकडे बघितलं.

"उनं म्हणजे?" त्यांनी विचारलं. "म्हणजे आलं? पाणी आलं?"

"हां साहेब, चुकनं. आलं, पाणी आलं," आबा घाबरून म्हणाले.

साहेब हळूच म्हणाले, "अरे, पण मग मागच्या खेपेला तू बरोबरच सांगितलं होतंस." आणि ते माझ्याकडे वळले. "मास्तर, मी तुम्हाला मुद्दाम विचारलं होतं, तो असंच म्हणाला ना म्हणून. तुम्ही हो म्हणालात."

मी काहीतरी पुटपुटलो. वाफेच्या आवाजात ते मलाही ऐकू आलं नाही. पण आबा मला आडवे आले. भाबडेपणानं, मला वाचवायला. "त्यानं काय चुकनं साहेब? त्याले समजनं ऱ्हातं ते त्यानी सांगं नसतं का? नही व्हयी समजेल." आणि मग ते मधेच थांबले. कापडण्याचा माणूस, आणि 'उनं' समजलं नाही? ते त्यांच्या मनात कसं वळलं ते मी त्यांच्या तोंडावर बघितलं. जळक्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. साहेब म्हणाले, "मास्तरांचं काय, ते बिचारे पुण्याकडचे." आबांनी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोटी बंद केली, हात धोतराला पुसला.

साहेबांनी तिथेच पास लिहिला, वर आबांचा फाटका हात हातात घेऊन बघितला आणि "मला माफ कर बाबा" म्हणाले. तो परका माणूस म्हणू शकला. मी उभाच.

परतीच्या एस.टी.त आबा खिडकीशी बसले. मी तीनदा तोंड उघडलं. पारोळा मागे पडलं. एरंडोलला गाडी थांबली. आबा उतरले, दोन कप चहा घेऊन आले, आणि एक माझ्यापुढे धरून म्हणाले, "मास्तर, आपण चहा घ्यावा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. हसू की रडू कळेना. त्यांचा चेहरा बघितला. थट्टा नव्हती. मी शिकवलं होतं तसं, ण नीट उच्चारून, ते पुढे म्हणाले, "पाणी हवं असल्यास तेही आणतो."

सर्टिफिकेट आलं, टोपीवाल्या फोटोसकट भिंतीवर लागलं. आबा परत जाळाजवळ गेले. पितांबरही राहिला, दोन पाळ्या झाल्या. उजव्या हाताची बोटं मात्र परत सरळ झाली नाहीत, सगळ्या तोट्या ते शेवटपर्यंत डाव्या हातानंच फिरवत. पितांबरला शिव्या, बॉयलरला शिव्या, शेठ पाठमोरे झाले की शेठनाही. मला 'आपण'. आपली प्रकृती कशी आहे. आपण कोळशाच्या पावतीवर सही करावी. एकदासुद्धा चुकले नाहीत. सहा वर्षं! निंबाखाली हसण्याचा कल्लोळ चाललेला असायचा, मी गेलो की आबा सरकून जागा करायचे आणि म्हणायचे, "आपण बसावं." मी बसलो की सगळ्यांचं बोलणं आपोआप आवरतं व्हायचं. मी तेव्हा माफी मागितली का? मागितली. पंचावन्नच्या पोळ्याला मागितली, हात जोडून. ते म्हणाले, "आपण मोठे आहात. असं बोलू नये." मी शिकवलेल्या शब्दांत एक फट नव्हती, जिथून मला आत शिरता येईल.

साठ साली मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला. सर्टिफिकेटांवर नवे शिक्के मारून आणायचं फर्मान निघालं, मी फॉर्म मागवलेही. पण तेवढ्यात शेठनी ठरवलं, विजेची मोटर बसवायची. कोळसा नको, बॉयलर नको, परीक्षा नको. जूनमध्ये बॉयलर भंगारात गेला. आबा म्हणाले, आता फागण्याला जातो.

निघाले त्या दिवशी सगळ्यांना भेटले. पितांबरच्या गळ्यात पडले, त्याला अशी शिवी दिली की तो रडायलाच लागला. टाकीवरच्या बायांना, हमालांना, नव्या मोटरलासुद्धा काहीबाही बोलले. सगळा कारखाना हसत होता, डोळे पुसत होता. झुंबरबाई बोचकं घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. सगळ्यात शेवटी आबा ऑफिसात आले, टोपी नीट केली आणि हात जोडले. "मास्तर, आता निरोप घेतो. आपले उपकार आहेत."

मी खुर्चीवरून उठलो. त्यांचा तो वाकडा हात दोन्ही हातांत धरला. आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा आईची बोली माझ्या तोंडातून निघाली, तुटत, चुकत, पण निघाली. "आबा, माले शिव्या दे. थोबाडीत मार. पन आसं नको ना बोलू. एक डाव माले तू म्हन. मी तुनाच शे, कापडन्याना शे!"

मला वाटतं, क्षणभर त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी हात हळूच सोडवून घेतला.

"पाऊस येईलसं दिसतं," ते म्हणाले. "आपण छत्री घेऊन घरी जावं."

आणि फाटकाकडे गेले. बाहेर झुंबरबाईंनी काहीतरी विचारलं, त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, दोघं मोठ्यानं हसले. मला ते शब्द ऐकू आले नाहीत. मी खिडकीशी गेलो, पण तोवर ते रस्त्याला लागले होते.